बर्फाला कान लावणारी त्रिवेणी

नरहर बीदरकर सरांनी त्रिवेणीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती बाजारात नारळ पारखावा तशी एक चपटी प्लास्टिकची डबी कानाशी धरून हलवत होती. मार्चमधला बुधवार होता, सकाळचे पावणेआठ वाजले होते. अंबरपेठच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या पडवीत पंधरा-वीस बाया कडेवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीत एका लांब टेबलावर वहीएवढ्या आकाराच्या अशा बारा डब्या एकमेकींना न चिकटता मांडून ठेवलेल्या होत्या. आत बर्फ, बाहेरून पांढुरका थर. चाळिशीची एक किरकोळ बाई एकेक डबी उचलायची, कानाशी न्यायची, डोळे मिटायची, हलकेच हलवायची आणि परत ठेवायची. कुणाचं मूल रडलं की डोळे न उघडताच डावा तळवा वर करायची. मग आई मुलाला छातीशी घ्यायची आणि दारावरचा पहारेकरी फोनमधलं गाणं बंद करायचा.

सर नातवाला घेऊन आले होते. सून ऋचा पुण्याची, घरून कंपनीचं काम करणारी. तिच्या नेहमीच्या खासगी दवाखान्यात दीड महिन्याच्या तेजसला द्यायची लस संपली होती. सरकारी केंद्रातही तीच लस मिळते हे तिला पटवायला सरांना दोन दिवस लागले होते. आता ती बाकाच्या टोकावर अवघडून बसली होती आणि सर मात्र दाराच्या चौकटीला टेकून त्या बाईकडे पाहत राहिले होते.

शेवटी राहवेना म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, हे काय ऐकताय?"

या तेलुगू शहरात मराठी ऐकून ती हसली. "पाणी वाजायची वाट बघतेय, सर. फ्रीजरमधून काढलेला बर्फ लई कडक असतो. तसाच पेटीत घातला तर लस गोठून निकामी होते. थोडं वितळून आत पाणी वाजायला लागलं की मग भरायचं. ऐका."

आणि तिने ती डबी सरांच्या कानाशी धरली.

सरांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांचा उजवा कान तीन वर्षांपूर्वीच मंदावला होता, डावा त्याच्या मागून चालला होता. कानात घालायचं यंत्र घरी कपाटात होतं. त्यांच्या पत्नी, कुसुमताई, अधूनमधून विचारायच्या, "यंत्र काय कपाटाला ऐकू यावं म्हणून आणलंय?" सरांनी मात्र त्या दिवशी मान डोलावली. "वा," म्हणाले.

आवाज ऐकू आला नाही, पण ती काय म्हणाली ते त्यांच्या आत कुठे तरी खोल जाऊन पोहोचलं होतं. सरांनी शहरातल्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. दर वर्षी नववीच्या वर्गात ते काचपात्रात बर्फाचा चुरा घेत, त्यात तापमापी उभी करत आणि खाली स्पिरिटचा दिवा लावत. ज्योत जळत असे, बर्फ वितळत असे, आणि पारा शून्यावर बसलेला असे. पाच मिनिटं झाली तरी हलत नसे. दर वर्षी कुणी तरी म्हणायचंच, "सर, तापमापी बिघडली." या वाक्याची सर वर्षभर वाट पाहत. मग ते फळ्यावर आलेख काढत: शून्याखालून तिरकी चढत येणारी रेघ, आणि शून्यावर आल्यावर एकदम आडवी झालेली, निजलेल्या माणसासारखी सपाट रेघ. उष्णता येतेच आहे, पण ती बर्फाचं पाणी करण्यात खर्च होतेय. ती दिसत नाही, तापमापीला कळत नाही. तेवढ्याच उष्णतेत तेवढंच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं, हात घातला तर पोळला असता. आणि इथे ती सगळी उष्णता गिळून बर्फ शांत बसलाय. पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणत. मुलं व्याख्या पाठ करत, दोन गुण मिळवत आणि विसरून जात.

त्या रेघेचं कुणाला काही काम पडेल असं सरांना कधी वाटलंच नव्हतं. आणि इथे एक बाई आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, कान लावून ती रेघ कुठे सुरू होते ते शोधत होती.

त्या दिवशी तेजसला त्रिवेणीनेच लस टोचली. त्याने जोरात सूर लावला आणि ऋचाने डोळे घट्ट मिटून घेतले. त्रिवेणीने मुलाच्या मांडीवर बोट ठेवून तिला सांगितलं की रात्री थोडा ताप येईल, घाबरू नका, फोन केला तरी चालेल. ताप आला तेव्हा ऋचाने खरंच फोन केला आणि त्रिवेणीने खरंच उचलला. त्यानंतर ऋचाने खासगी दवाखान्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या बुधवारी सर एकटेच गेले. मग शनिवारीही. विद्यानगरहून अंबरपेठ त्यांच्या पायांनी वीस मिनिटांवर होतं. निवृत्तीला नऊ वर्षं झालेली. सकाळी सहाला उठून करायचं काय हा प्रश्न होताच. केंद्रात लसीची कार्डं भरायला माणूस कमी पडत असे. सरांना तेलुगू येई, उर्दू लिहिता येई आणि अक्षर असं की डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना खुर्ची दिली. बाया त्यांना "सारू" म्हणू लागल्या. एका आजीने तर त्यांना कंपाउंडर समजून गुडघा दाखवला.

हळूहळू सरांना त्रिवेणी कळत गेली. ती चिक्कडपल्लीला दोन खोल्यांत राहायची. वडील कोर्टात दफ्तरी होते. घरात मराठी, पण शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी बोलता येई, वाचता अडखळत येई. दहावीत विज्ञानात एकदा नापास झाली होती, हे तिने स्वतःच हसत सांगितलं. मग परिचारिकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग या केंद्रात कंत्राटी नोकरी. दर वर्षी मार्चमध्ये कंत्राट संपायचं आणि दर वर्षी ते पुढे जाईल का याची धाकधूक असायची. असं करता करता चौदा वर्षं झाली होती.

बर्फाला कान लावायला तिला मालनबाईंनी शिकवलं. मालनबाई इथल्या जुन्या, आता वारलेल्या नर्स. बोलायला तिखट, हाताने हलक्या. त्रिवेणी नवी असताना एक तीन वर्षांचा मुलगा केंद्रात आला, गळा सुजलेला, श्वास घरघरणारा. घटसर्प निघाला. मालनबाईंनी त्याचं कार्ड मागितलं. कार्डावर सगळ्या खुणा होत्या. एक डोस चुकलेला नव्हता. पोराला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली तेव्हा तो वाचला.

"असं का झालं हे कुणाला कळलं नाही, सर," त्रिवेणी म्हणाली. "लस घेऊनबी कधी कधी होतं म्हणाले डॉक्टर. पण मालनबाई ते कार्ड घेऊन फ्रीजरसमोर लई वेळ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून टेबलापाशी आणलं न् म्हणाल्या, आजपासून कान लावल्याशिवाय एक डबी भरायची नाही."

हे ऐकल्यावर सरांना वाटलं, आपणही हिला काही तरी द्यावं. त्यांनी एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर तो आलेख काढला. आडव्या रेघेवर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं. बर्फ आणि पाणी दोन्ही जोवर सोबत आहेत तोवर शून्य अंश सुटत नाही. दुपारचं ऊन पेटीवर पडू दे, ऊन आत शिरून बर्फ वितळवण्यात खर्ची पडेल, लसीपर्यंत पोहोचणारच नाही. त्रिवेणी कागदाकडे बघत राहिली. मालनबाईंनी एवढं सांगितलं नव्हतं. मग तिने आडव्या रेघेच्या आधीच्या तिरक्या रेघेवर नख टेकवलं.

"आणि ही?"

"ती काही विशेष नाही," सर म्हणाले. "ती नुसती सुरुवात."

तिने तो कागद फ्रीजरच्या दाराला चिकटवून ठेवला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारची गोष्ट. हवा ओल्या फडक्यासारखी झाली होती. मूसी नदीच्या बाजूच्या वस्तीत, अंगणवाडीच्या खोलीत, लसीचं सत्र होतं. यादीत एकतीस मुलं. सातला त्रिवेणीने आधी केंद्रातल्या पेटीसाठी चार डब्या काढल्या, त्या वाजल्यावर पुसून भरल्या. मग आठच्या सुमारास वस्तीच्या पेटीसाठी दुसऱ्या चार काढून त्याच टेबलावर मांडल्या. तेवढ्यात पडवीतून आरडाओरड ऐकू आली. एका बाळाला झटके येत होते. केंद्राच्या डॉक्टर प्रियदर्शिनी आतून धावत आल्या आणि त्यांनी त्रिवेणीला हाक मारली.

जाता जाता ती सरांना म्हणाली, "सर, या चार डब्या. वाजल्या की पुसून पेटीत लावा, मधे लसीची पिशवी ठेवा, झाकण लावा. वाजल्याशिवाय नक्को." आणि ती गेली.

सर टेबलापाशी उभे राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी पहिली डबी कानाशी धरली. काही नाही. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा धरली. फ्रीजरची घरघर, पडवीतला कल्ला, बाहेर ऑटोचा भोंगा, हे सगळं त्यांच्या कानात एकाच दुलईखाली दबून येई. आता आवाज येत नाही म्हणजे डबीत पाणी नाही, की आपल्या कानात दम नाही? हा प्रश्न त्यांनी कुणाला तरी विचारायला हवा होता. पहारेकऱ्याला हाक मारून "जरा ऐक रे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मार्चपासून ते दर बुधवारी आणि शनिवारी डबी कानाशी धरून मान डोलावत आले होते. आता एकदम कसं सांगणार?

मग सर पुस्तकाकडे वळले. डबीवर पांढरा थर होता. फळा पुसायच्या सवयीने त्यांनी तो फडक्याने पुसून टाकला. पुसल्यावर डबीवर बारीक थेंब दिसू लागले. टेबलावर तर पाण्याचं चांगलं थारोळं होतं. सरांनी मनात मांडणी केली: हवेतली वाफ थंड डबीवर बसून तिचं पाणी झालं, म्हणजे तिने आपली सगळी लपलेली उष्णता डबीला देऊन टाकली. ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी. टेबलावर एवढं पाणी, म्हणजे डबीला एवढी उष्णता मिळाली. म्हणजे बर्फ शून्यावर येऊन वितळायला लागलाच असणार. मांडणी देखणी होती. वर्गात कुणी केली असती तर सरांनी पाठ थोपटली असती. फक्त टेबलावरचं ते पाणी या डब्यांचं नव्हतं. ते आधीच्या चार डब्यांचं होतं, सातपासून साचलेलं.

ऑटोवाला अप्पाराव दारातून डोकावला. नऊच्या आत वस्तीत पोहोचायचं असे आणि तो वेळेचा पक्का. "सारू, वाजली का?" त्याने खुणेने कानाला हात लावून विचारलं.

"हो," सर म्हणाले. "वाजतेय."

त्रिवेणी परतली तेव्हा पेटी बंद होऊन ऑटोत गेली होती. बाळ सावरलं होतं, पण तिच्या साडीला त्याच्या उलटीचा डाग होता. तिने फक्त विचारलं, "वाजल्या होत्या ना?" सरांनी मान डोलावली. ते तिच्यासोबतच ऑटोत बसले.

अंगणवाडीत बाया खोलीभर बसल्या होत्या. कुणी चार घरची धुणीभांडी सोडून आलेली, कुणी मालकिणीला दहापर्यंत येते सांगून आलेली. वजनाचा काटा लावणं, यादी जुळवणं, आजारी मुलं बाजूला बसवणं यात सव्वादहा झाले. पहिलं मूल मांडीवर घेऊन आई पुढे सरकली. त्रिवेणीने पेटीचं झाकण उघडलं, आणि लसीची पिशवी काढण्याआधी, सवयीने, एक डबी काढून कानाशी धरली.

तिने डबी हलवली. पुन्हा हलवली. मग दुसरी काढली. पुसलेल्या डबीवर पुन्हा पांढरा थर चढला होता. लसीच्या पिशवीचा एक कोपरा डबीला चिकटून बसला होता, तो ओढल्यावर कट्ट करून सुटला. तिने एक बाटली उजेडात धरली. आत दुधट, पातळ लस. बर्फाचा कण नाही, तडा नाही, काही नाही. कुणीही पाहिलं असतं तर चांगली आहे म्हटलं असतं.

त्रिवेणीने बाटली परत पिशवीत ठेवली आणि झाकण लावलं.

पुढे बसलेली बाई म्हणाली, "दवा तो दिखरी ना बाजी, लगा देव."

"नक्को अम्मा," त्रिवेणी म्हणाली. "ये दवा नहीं रही."

खोलीत कुजबूज वाढली. एकीने मागच्या बाजूने आवाज चढवून विचारलं की सकाळपासून बसवून ठेवलं ते कशाला, आणि आमची रोजी कोण देणार. त्रिवेणी खाली मान घालून पेटीच्या कडीवरून बोट फिरवत होती. काय होऊ शकतं हे सरांना स्वच्छ दिसत होतं. तिने लस टोचली असती तर कुणालाही, कधीही, काहीही कळलं नसतं. मुलांना त्रास झाला नसता. कार्डावर खूण झाली असती. नाही टोचली, तर लस वाया, सत्र मोडलं, वरून लेखी जाब, आणि कंत्राट संपायचा मार्च फार लांब नव्हता.

ती हळू आवाजात बोलली, फक्त सरांना ऐकू जाईल एवढ्याने, आणि तो आवाज सरांना कधी नव्हे तो लख्ख ऐकू आला. "खूण केली असती तर आई निश्चिंत होऊन घरी गेली असती, सर. आणि लेकराच्या अंगात काहीच नसतं."

 चौतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की जे दिसलं तेच वहीत लिहा, जे दिसायला हवं होतं ते लिहू नका.

"त्रिवेणी," ते म्हणाले, "मला ऐकू आलं नव्हतं. आजही नाही, आणि त्या पहिल्या दिवशीही नाही."

 सरांना वाटलं, आता ती रागवेल, आणि रागावली तर बरं होईल.

"मला ठाऊक होतं सर, तुम्हाला कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मार्चपासून ठाऊक होतं. तरी मी सोपवलं."

मग ती उठली आणि बाहेर जाऊन डॉक्टर प्रियदर्शिनींना फोन लावला. सर दाराशीच उभे होते. तिने सरांचं नावसुद्धा घेतलं नाही. डब्या वाजल्याशिवाय भरल्या गेल्या, जबाबदारी माझी होती, नवी लस पाठवा, एवढंच तेलुगूत सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. ती "हौ मॅडम, हौ मॅडम" म्हणत राहिली.

नवी लस यायला एक वाजला. अप्पारावने पेटी लेकरू कडेवर घ्यावं तशी आणली. या वेळी डब्यांतलं पाणी दारातून आत येतानाच डुचमळत होतं, असं त्रिवेणी म्हणाली. तोवर एकतीसपैकी बाराच बाया उरल्या होत्या. त्यांच्या मुलांना लस देऊन झाल्यावर तिने यादी घेतली, पेटीचा पट्टा खांद्याला अडकवला आणि निघाली. सर रजिस्टर घेऊन मागे.

ती दुपार सर कधी विसरणार नव्हते. वस्तीतल्या गल्ल्या दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशा. घरोघरी जाऊन त्रिवेणी आधी माफी मागत होती. "सुबह हमारी गलती हुई," असं प्रत्येक दारात. एका घरात सासूने दार लावून घेतलं. त्रिवेणी पायरीवर बसून राहिली, दार उघडेपर्यंत. एका बाईला ती काम करत असलेल्या इमारतीच्या जिन्यात गाठलं. ऊन उतरत नव्हतं. सरांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि पेटीच्या पांढऱ्या झाकणावर तासन्‌तास ऊन पडत होतं. दर वेळी झाकण उघडलं की त्रिवेणी डबी हलवून बघायची, आणि आत बर्फ अजून शिल्लक असायचा. सर त्या पेटीकडे पाहत राहायचे. एवढं मोठं ऊन त्या चार डब्यांत शिरत होतं आणि नाहीसं होत होतं. मधोमध, बोटभर उंचीच्या बाटल्यांना, ऊन पडलंय हे कळतच नव्हतं. काचपात्राशी उभं राहून हे त्यांनी चौतीस वेळा दाखवलं होतं. आज पहिल्यांदा ते त्याच्या मागून चालत होते.

सहापर्यंत सतरा मुलं झाली. उरलेल्या दोघांपैकी एकाची आई पुढच्या बुधवारी आपण होऊन केंद्रात आली. दुसरी माहेरी जहीराबादला गेली होती. तिथल्या नर्सचा नंबर काढून त्रिवेणीने तिथे लस देववली आणि तसा फोन आल्यावरच यादीतल्या त्या नावापुढे खूण केली.

रविवारी सरांनी डॉक्टर प्रियदर्शिनींच्या नावे एक पत्र लिहिलं. घडलं ते घडलं तसं, क्रमाने, एका पानात. मला ऐकू न येता मी ऐकू आलं असं सांगितलं, हे वाक्य त्यांनी वेगळ्या ओळीत लिहिलं आणि खाली सही केली. कुसुमताईंनी पत्र वाचलं आणि कपाटातली यंत्राची डबी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

सोमवारी त्रिवेणीने सरांना केंद्रात बोलावलं. त्या दिवशीच्या पेटीतली एक बाटली तिने जपून ठेवली होती. त्याच खोक्यातली, पण कधीच न गोठलेली दुसरी बाटली होती. तिसरी तिने शनिवारी मुद्दाम फ्रीजरमध्ये गोठवून आता वितळवून आणली होती. तिन्ही सारख्याच दिसत होत्या. तिने तिन्ही एकदम मुठीत धरून जोरात हलवल्या आणि टेबलावर ओळीने उभ्या केल्या.

"आता बघत बसा, सर."

डॉक्टर प्रियदर्शिनीही येऊन उभ्या राहिल्या. सुरुवातीला तिन्हींत दुधासारखा पांढरा गढूळपणा होता. मग मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत काही तरी हलायला लागलं. बारीक चुरा, फाटलेल्या दुधासारखा, हळूहळू खाली बसू लागला आणि वर स्वच्छ पाणी दिसू लागलं. दहा मिनिटं झाली. न गोठलेली बाटली तशीच दुधट होती, जणू आत्ताच हलवलीय. सर उरलेल्या बाटलीकडे, शनिवारच्या पेटीतल्या बाटलीकडे, पाहत होते. तिच्यातही वर नखभर पाणी निवळलं. मग दोन नखं. अर्ध्या तासात तिच्या तळाशी पांढरा थर बसला होता आणि वरचं पाणी आरपार दिसत होतं.

 एकतीस मुलांच्या मांडीत हे निवळ पाणी गेलं असतं. दोन तासांची, एका न ऐकलेल्या आवाजाची खूण त्या इवल्याशा बाटलीने आत जपून ठेवली होती, आणि विचारल्यावर सांगितली होती.

फ्रीजरच्या दारावर सरांनी काढलेला आलेख अजून चिकटवलेला होता. त्रिवेणीने त्यातल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं लस मरते," ती म्हणाली. मग बोट आडव्या रेघेवर सरकवलं. "इथं जगते."

सरांनी खिशातून पेन काढलं. आलेख काढताना ती तिरकी रेघ त्यांनी घाईत, पुसट ओढली होती, वर्गात ओढायचे तशीच. ती त्यांनी पुन्हा, जाड, गडद ओढली.

सरांचं पत्र आणि त्रिवेणीचा जबाब दोन्ही फायलीत लागले. डॉक्टर प्रियदर्शिनींनी त्यांखाली काय शेरा लिहिला ते सरांना कळलं नाही. नियमाप्रमाणे डब्यांना हात लावायला आता सरांना बंदी होती, आणि ते त्यांना मान्य होतं. त्यांची खुर्ची कार्डांच्या टेबलाशी राहिली.

पण त्या बुधवारी, यंत्र कानात घालून सर साडेसातला पोहोचले, तेव्हा त्रिवेणीने खोलीतून हाक मारली. बारा डब्या टेबलावर मांडलेल्या होत्या. टेबल कोरडं पुसलेलं होतं. तिने एक डबी उचलली, स्वतःच्या कानाशी धरून पाहिली आणि मग सरांच्या कानाशी आणली. "हात नका लावू, नुसतं ऐका," म्हणाली, आणि डबी हलवली.

बर्फाच्या ढेपेभोवती चमचाभर पाणी एका कडेहून दुसऱ्या कडेला गेलं. टुळुक. एवढाच आवाज. सरांनी डोळे मिटले. शून्य अंश त्यांनी चौतीस वर्षं पाहिला होता, पाऱ्यावर, फळ्यावर, उत्तरपत्रिकांत. त्याला आवाज असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आला?" त्रिवेणीने विचारलं.

"पुन्हा हलव," सर म्हणाले.

तिने पुन्हा हलवली. पडवीत कुणाचं तरी मूल रडलं, आणि या वेळी डावा तळवा सरांनी वर केला.

या मार्चमध्ये त्रिवेणीचं कंत्राट आणखी एक वर्ष पुढे गेलं. नोकरी कायम झालेली नाही. बुधवारी आणि शनिवारी ती चिक्कडपल्लीहून सव्वासहाची बस धरते आणि सात वाजता फ्रीजर उघडते.